काथीचा वाटा

घाटकोपर (पश्चिम),
१८ जानेवारी १९८७

प्रिय गुणाजी,

'प्रिय' हा शब्द पत्राची रीत म्हणून लिहिला आहे. त्यावरून दादाचा राग उतरला असा अर्थ काढू नकोस. हे पत्र मालनच्या हाती देता आलं असतं, ती परवाच येऊन गेली. पण मग तू ते तिलाच वाचायला लावलं असतंस, तिने बिचारीने अर्धं गाळलं असतं, आणि 'काय म्हणतो दादा?' 'काय नाय, वायच रागावलेत' एवढ्यावर सगळं मिटलं असतं. म्हणून पोस्टाने पाठवतो आहे. स्वतः फोड, स्वतः वाच आणि शेवटपर्यंत वाच. समोरासमोर बोलायला मला जमणार नाही. तू समोर दिसलास की माझा हात उठेल, आणि या वयात धाकट्या भावाला मारताना बिल्डिंगीतल्या लोकांनी मला बघावं अशी माझी इच्छा नाही.

काथी जिवंत आहे. तुला तेवढंच हवं असेल तर पत्राची इथेच घडी घाल. पण तू तिला ओळखणार नाहीस. पाठीवरचे केस वाढून दोन्हीकडे लोंबताहेत, दाढीत गाठी झाल्यात, डोळ्यांवर झिपऱ्या आल्यात. खालच्या मजल्यावरचे दोशी काल जिन्यात भेटले. म्हणाले, "जयवंतभाई, आता तो खरंच पायपुसणं थई गयु!" हा विनोद ते पहिल्यापासून करतात. पूर्वी मी त्यांना थांबवून सांगायचो की या कुत्र्याला दोन थर असतात, वरचा केस तारेसारखा राठ, काटे आणि पाणी अडवायला, आणि खालचा मऊ, उबेसाठी. नीट राखलेल्या डॅशहंडचा वरचा थर हाताला नव्या ब्रशासारखा लागला पाहिजे. काल सांगायला तोंडच राहिलं नाही.

मी तिचे केस कसे काढायचो ते तू पाहिलं आहेस. गॅलरीत स्टूल टाकून मी बसलो की तू समोर चहा घेऊन बसायचास आणि "दादा, कोंबडी सोलतोस की काय?" म्हणून माझी टर उडवायचास. वायरहेअर्ड जातीला कात्री लावायची नसते, मशीन तर नाहीच नाही. कापलं की जून केसाचा बुंधा कातडीत तसाच राहतो आणि पुढे सगळं अंग मऊ, फिकट पडत जातं. बोटांना राख लावायची, एका हाताने कातडी ताणून धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत थोडेसेच केस पकडायचे, आणि ज्या दिशेने केस वाढतो त्याच दिशेने ओढायचे. पिकलेला केस आपण होऊन हातात येतो, कुत्र्याला कळतही नाही. जो येत नाही त्याला सोडून द्यायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. फोर्टच्या फुटपाथवरून एक जुनं इंग्रजी पुस्तक आणलं, शेजारी डिक्शनरी ठेवली आणि एकेक वाक्य सोडवत गेलो. गिरणीत उमेदीची वर्षं तुटलेले धागे बोटांनी शोधण्यात गेली. संपात गिरणी गेली, बोटं राहिली. त्या बोटांना पिकलेला केस ओळखायला एक दुपार पुरली. माझ्या मांडीवर पालथी पडून काथी घोरायची, गुणाजी. तू स्वतः ऐकलं आहेस. आता मी तिच्या जवळ गेलो तरी ती ओठ वर करून दात दाखवते.

या घरात तिला आणलं कोणी? तू. पवईला त्या जर्मन इंजिनिअरच्या गाडीवर होतास, तो बिऱ्हाड आवरून निघाला आणि जाताना पिल्लू तुझ्या हातावर ठेवून गेला. महिनाभर तू ते भांडुपच्या खोलीत स्वतःच्या स्वेटरात गुंडाळून वाढवलंस, कापसाच्या बोळ्याने दूध पाजलंस. मग चाळमालक कटकट करायला लागला तेव्हा रेक्झिनच्या पिशवीत घालून इथे घेऊन आलास. वनमालाने पिशवीत डोकावून विचारलं, "हे काय, मुंगूस?" तू म्हणालास, "वहिनी, जर्मन पाहुणी आहे, जरा मानाने बोला." वनमालाने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, हा तर आपला काथ्याचा सुंभ. त्यावरून काथी हे नाव पडलं. मी कुत्र्याच्या विरुद्ध होतो हे मला मान्य आहे. पण एकदा घरात घेतलं म्हटल्यावर मी काम अर्धवट करत नाही. लांब पाठीच्या कुत्र्याने जिना चढउतार केला की पाठीचा कणा जातो हे वाचलं, त्या दिवसापासून तिला कडेवर घेऊनच खाली नेतो. सोसायटीतले लोक हसतात. "काय, नात आली वाटतं?" असं एक बाई वनमालाच्या तोंडावर म्हणाली. आमच्या घरात नात येणार कुठून हे तिला ठाऊक होतं. वनमालाने घरी येऊन काथीच्या ताटलीत तूप लावलेली चपाती कुस्करली, आणि वजन वाढेल म्हणून मी त्यावरून भांडलो.

आता त्या रविवारचं बोलतो. तू आलास, चहा घेतलास आणि म्हणालास, "दादा, आज काथीला घरी नेतो, पोरं मागे लागलीत. उद्या आणून सोडतो." असं आधीही झालं होतं, म्हणून मी पट्टा हातात दिला. तू तोंड न फिरवता खोटं बोललास. भांडुपच्या डोंगरामागे आपल्या गावच्या धाकूने साळिंदराचं बीळ हेरून ठेवलं होतं. आपल्या वाडीची पाच-सहा माणसं कोयते, काठ्या घेऊन तुझी वाट बघत होती. तुझी म्हणजे काथीची. मोठ्या कुत्र्याला त्या बिळात जाता येत नव्हतं. हिला जाता येईल हे तुझ्या डोक्यातून निघालं, धाकूने मला तसं स्पष्ट सांगितलं. गावाकडची हौस डोंगरामागे फॉरेस्टवाल्यांच्या नजरेआड भागवायची, तीही दुसऱ्याच्या कुत्रीवर. झकास.

गावची हौस आठवली तर गावची रीतही आठवायला हवी होती. तू लहान होतास, आबांच्या खांद्यावर बसून यायचास, पण इतकाही लहान नव्हतास की विसरशील. जनावर पडलं तरी आबा सुरी बाहेर काढू द्यायचे नाहीत. आधी कुत्री नावाने हाकारायची. एखादं कमी भरलं की आबा दगडावर बसून बिडी पेटवायचे आणि बाकीच्यांना शोधायला पाठवायचे. "कामाक इली ती सगळी इली की वाटे," हे त्यांचं बोलणं; सगळी परत आल्याशिवाय वाटणी नाही. मग मटणाचे वाटे पडायचे, त्यात कुत्र्याचाही वाटा, माणसाच्या बरोबरीचा, आणि तो कुत्र्याच्या मालकाच्या घरी पोचता करायचा. लोक हसायचे, पण कोणी मोडत नव्हतं. कुत्रं बिळात शिरतं ते आपल्या भरवशावर, एवढंच त्याच्यामागचं कारण होतं.

सोमवारी सकाळी मी कामावर निघायच्या तयारीत होतो आणि मालन दारात आली. हातात कडीचा डबा. घाम पुसत म्हणाली, "भावजी, ह्यो काथीचो वाटो. ह्येंनी सांगल्यानी, दादाक नेऊन दी." मला क्षणभर कळलंच नाही. वनमालाने विचारलं, "कसला गं वाटा?" मालन म्हणाली, "काल साळिंदर गावला ना! काथीनच भायर काढल्यान म्हणे." मी विचारलं, "आणि काथी खंय?" ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतो. "खंय म्हणजे? ह्येंनी काल तिन्हीसांजेक तुमच्याकडे पोचवल्यानी ना?"  मालन माझ्याकडे बघत होती, मी डब्याकडे. मग तिला समजलं आणि तिने डबा दारातच खाली ठेवला. गुणाजी, तू मालनला खोटं सांगून तो डबा घेऊन इकडे पाठवलंस. कुत्री बिळात आणि तिचा वाटा माझ्या दारात. मुंबईत येऊन आबांची सगळी शिकवण विसरलास आणि त्यातलं नेमकं वाटा पोचवायचं तेवढं लक्षात ठेवलंस! वनमालाने डब्याला हातही लावला नाही. अजून मालनसमोर तो विषय काढायची तिची हिंमत होत नाही.

मी कामावरची पाना-पक्कडीची पिशवी उचलली आणि मालनला घेऊन भांडुपला आलो. तू घरी नव्हतास. ड्युटीवर होतास, कोणाची तरी गाडी पुसत. धाकू सापडला. आधी "माका काय ठाऊक" करत होता, मग माझा चेहरा बघून पहार आणि फावडं घेऊन पुढे चालू लागला. वाटेत त्याने सगळं सांगितलं. काथी आत गेली, बराच वेळ भुंकली, साळिंदर दुसऱ्या तोंडाने बाहेर आलं, तुम्ही ते मारलं. खालच्या बाजूला कोणीतरी शिट्टी मारली, फॉरेस्टवाले आले असं वाटून सगळे पळाले. जनावर उचलायला मात्र वेळ मिळाला. धाकू म्हणाला, "गुणाजीन दोन हाका घातल्यान, मगे तोच म्हणालो, शिकारीचा कुत्रा हा, येतला आपसूक." बिळाच्या तोंडाशी मी जमिनीला कान लावला. काही ऐकू येईना. मालन सारखी "काथी, काथी गो" म्हणून हाका मारत होती. मग खालून एक आवाज आला, भुंकण्यासारखा नाही, दार करकरतं तसा. आम्ही वरून खणायला घेतलं. हे कुत्रं पुढे खणत जातं तेव्हा माती मागे ढकलतं, त्याच मातीने मागची वाट बुजली होती आणि पुढे मूळ आडवं आलं होतं. मूळ कोयत्याने तोडलं तेव्हा आधी तिचं शेपूट दिसलं.

बाहेर काढली तेव्हा तोंडभर काटे. जबड्यात, जिभेखाली, गळ्याला, खांद्यात. तोंड मिटत नव्हतं, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिथून रस्त्यापर्यंत ती पोचली नसती. मी पक्कड काढली. धाकूने तिला मांडीखाली दाबून धरलं, आणि गळ्याचे आणि जिभेचे काटे मी एकेक करून उपटले. काटा आत गेला त्याच रेषेत ओढावा लागतो, वाकडा ओढला की मोडतो. मी सरळच ओढत होतो. ती ओरडत होती आणि माझ्याकडे बघत होती. सगळा वेळ माझ्याकडेच बघत होती. मी तिच्याशी काय काय बोललो मला आठवत नाही, मालनला आठवत असेल. खांद्यातला एक काटा आतच मोडलेला होता, तो माझ्या हाताला लागलाच नाही.

दुसऱ्या दिवशी तू निरोप धाडलास. "दादाला सांग, चूक झाली, पण कुत्रं शिकारीचंच आहे, दादाने त्याचं बाहुलं करून ठेवलंय." हे वाक्य तुझंच आहे, मालन स्वतःच्या मनाचं लावत नाही. तर ऐक. ती बिळात शिरायलाच जन्मली हे तू मला शिकवायला नको. तिचे पाय आखूड का, छाती खोल का, आवाज एवढ्याशा देहाला न शोभेल इतका मोठा का, हे मी तुझ्या आधी वाचलं आहे. आवाज मोठा अशासाठी की जमिनीखालून वरच्या माणसाला तो ऐकू यावा. तिकडे जर्मनीत लोक कुत्रं आत सोडलं की जमिनीला कान लावून बसतात आणि हातात फावडं ठेवतात. ते भुंकत राहिलं आणि बाहेर आलं नाही तर खणतात, वेळ लागला तरी खणतात. कुत्र्याने आत जायचं आणि माणसाने वर थांबायचं, ही दोन मिळून एक शिकार. तू अर्धीच केलीस. तिने तिच्या वाट्याचं काम चोख केलं. बाहुलं मी केलं असेन, पण घाबरून पळून गेलेला मी नव्हतो. आणि सकाळी? सकाळी उजाडल्यावर तरी जायचं होतंस! एक दिवस ड्युटी बुडाली असती. माझ्याकडे येऊन 'दादा, वाट लागली, चल' एवढं म्हणाला असतास तर मी चपला न घालता निघालो असतो, तुला एक शब्द न बोलता. भीतीचं मला काही नाही, भीती सगळ्यांना वाटते. पण तू तिला तिथे ठेवून जेवलास, झोपलास आणि तिचा वाटा नीट बांधून पाठवलास. हे मला गिळता येत नाही.

आता हे पत्र का लिहितोय ते सांगतो, कारण तुला नुसत्या शिव्या द्यायला मी तिकीट चिकटवत नाही. खांद्यात मोडलेला तो काटा आत सरकतो आहे. सूज येते, फुटते, भरते, पुन्हा येते. आता ती गळ्याकडे गेली आहे. परळच्या जनावरांच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी येत्या गुरुवारी सकाळी ऑपरेशन ठरवलं आहे. गळ्याला सूज असल्याने तिचं तोंड बांधता येत नाही, आणि भुलीचं इंजेक्शन देताना ती झटापट करू लागली तर श्वास कोंडून तिथेच जाईल, असं ते म्हणाले. तिचा ज्याच्यावर विश्वास आहे अशा माणसाने तिला धरून बसायला हवं. मी हात पुढे केला तर ती भिंतीला चिकटून थरथरते. पक्कड माझ्या हातात होती, तिला तेवढंच ठाऊक आहे. वनमालाच्या हातून मलमपट्टीच्या वेळी ती दोनदा निसटून कपाटामागे शिरली. आणि परवा मालन आली ती थंडी म्हणून तुझा जुना राखाडी स्वेटर घालून. काथी कपाटामागून सरपटत बाहेर आली, मालनच्या मांडीवर चढली आणि त्या स्वेटरात तोंड खुपसून शेपूट हलवत राहिली. मालन रडायला लागली. मी उठून गॅलरीत गेलो. कोण तिला सोडून गेलं हे तिला कळलेलं नाही, गुणाजी, आणि तिला ते सांगायला माझ्याकडे भाषा नाही. तेव्हा गुरुवारी तू ये. ड्युटीवर काय सांगायचं ते सांग. अंगात तो स्वेटर असू दे, धुवू नकोस. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली, पाठ सरळ, आणि तिच्याशी मालवणीतच बोल, तुझं ते 'काय गो बाये' चालेल. मी फाटकाबाहेर उभा असेन, आत येणार नाही, तू बाहेर आल्यावर माझ्याशी बोलायचीही गरज नाही. फक्त ती पुरती झोपेपर्यंत हात काढू नकोस. कोणी शिट्टी मारली तरी नाही.

नाइलाजाने का होईना, तुझाच दादा,
जयवंत